काम सांगणें आणि काम शिकविणें

मृगाच्या सरी पडून गेल्या कीं शेतकऱ्याच्या दारीं नवीं माणसें कामास लागतात. कोणी सालगडी असतो, कोणी रोजंदारीचा मजूर, तर कोणी आपल्याच भावकींतला नुकता शाळा सोडलेला मुलगा. त्यांस कामाची माहिती करून द्यावी लागते, व ती करून देणारा बहुधा स्वतः शेतमालक, मुकादम किंवा घरांतील जुना गडी असतो. अर्थात् आमच्या बहुतेक सभासदांस वर्षांतून दोनचार वेळां तरी शिक्षकाचें काम करावें लागतें. मात्र आपण शिक्षक आहों ही जाणीव फार थोड्यांस असते. "कालच सांगितलें होतें, आज पुन्हां तेंच!" हे उद्गार प्रत्येक बांधावर ऐकूं येतात. काल सांगितलें होतें हें खरें. परंतु शिकविलें होतें काय? या दोहोंमध्यें अंतर कोणतें व तें कसें भरून काढावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

निंदणी नीट झाली नाहीं तर फार तर तण राहील व पुन्हां मजुरी पडेल. फवारणीचें काम तसें नाहीं. सन २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर कीटकनाशकें फवारतांना विषबाधा होऊन वीसांवर शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेंकडों लोकांस रुग्णालयांत दाखल करावें लागलें. माणसाच्या उंचीची वाढलेली दाट कपाशी, दमट उष्मा, निरनिराळ्या औषधांचीं मिश्रणें, संरक्षक कपड्यांचा अभाव अशीं अनेक कारणें त्या वेळीं पुढें आलीं. त्यांतील कांहीं सरकारच्या हातचीं, कांहीं विक्रेत्यांच्या हातचीं. परंतु एक गोष्ट सर्वस्वीं आपल्या हातची आहे, व ती म्हणजे ज्याच्या पाठीवर पंप आहे त्यास तें काम खरोखर येतें कीं नाहीं हें पाहणें. औषध विकत घेणारा एक, तें फवारणारा दुसरा, असा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. दुकानदारानें मालकास सांगावें, मालकानें मुकादमास, मुकादमानें गड्यास. आणि डब्यावरील बारीक अक्षरांची चिठ्ठी कोणीच वाचूं नये! अशा वेळीं "मीं त्यास सांगितलें होतें" एवढ्यानें आपली जबाबदारी संपत नाहीं. म्हणून पुढील विवेचनांत आम्हीं फवारणीचेंच उदाहरण घेतलें आहे. छाटणी, कलम बांधणें, धार काढणें, ट्रॅक्टर हांकणें या कामांसहि हेच नियम लागू पडतात.

नव्या माणसास थोड्या वेळांत काम कसें शिकवावें, हा प्रश्न कारखानदारांस आपल्या आधीं भेडसावला. १९१७ सालीं अमेरिका पहिल्या महायुद्धांत उतरली, तेव्हां जहाजें बांधण्यासाठीं हजारों नवे कामगार तयार करावे लागले. चार्ल्स ॲलन या शिक्षणतज्ज्ञानें त्यासाठीं चार पायऱ्यांची एक रीत बसविली व १९१९ सालीं ती पुस्तकरूपानें मांडली. पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४० ते १९४५ पर्यंत, अमेरिकन सरकारनें 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' या नांवाची योजना चालविली. तींत मुकादमांस दोन-दोन तासांच्या पांच बैठकी घेऊन शिकविण्याची कला शिकवीत, आणि चार पायऱ्या छापलेलें एक लहानसें कार्ड त्यांच्या खिशांत देत. युद्धानंतर हीच रीत जपानांतील कारखान्यांनीं उचलली व तेथें ती चांगलीच रुजली.

या बैठकींत एक गमतीचा प्रयोग करीत. विजेच्या दिव्याच्या दुहेरी तारेस एक विशिष्ट गांठ मारावयाची असते. शिक्षक प्रथम एका मुकादमास पुढें बोलावून ती कशी मारावी हें फक्त तोंडानें सांगे. गांठ कांहीं जमत नसे. मग दुसऱ्यास बोलावून, एक शब्दहि न बोलतां, ती मारून दाखवी. तरीहि गांठ जमत नसे. शेवटीं तिसऱ्यास तो एकेक टप्पा सांगून, करून दाखवून, त्यांतील मर्म समजावून, त्याच्याच हातानें करवून घेई. आणि गांठ नीट बसे. नुसतें सांगणें पुरत नाहीं, नुसतें दाखविणेंहि पुरत नाहीं, हें मुकादमांस व्याख्यान न देतां पटत असे. आमच्या वाचकांनीं कासऱ्याची एखादी अवघड गांठ घेऊन आपल्या घरीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

आतां या चार पायऱ्या फवारणीच्या कामास लावून पाहूं.

पहिली पायरी मन तयार करण्याची. शिकणाऱ्यास आधींच काय येतें हें विचारावें. दहा वर्षें पंप चालविलेल्या गड्यास "नळी अशी धर" म्हणून आरंभ केला तर तो मनांतून दुखावतो व पुढचें ऐकत नाहीं. "काका, तुम्हीं पुष्कळ फवारणी केली आहे. औषध कसें कालवतां, तें एकदां आम्हांस साध्या पाण्यानें करून दाखवा," असें म्हटलें म्हणजे त्याचा मान राहतो आणि त्याची संवय आपल्या डोळ्यांपुढें येते. कोठें दुरुस्ती हवी हें त्यावरून समजतें.

दुसरी पायरी दाखविण्याची. येथें मालकाची तयारी असावी लागते. आपल्या हातांत बसलेल्या कामाचे टप्पे आपणांस स्वतःलाच आठवत नाहींत. म्हणून तें काम आदल्या दिवशीं कागदावर उतरून काढावें. फवारणीचे ढोबळ टप्पे सहा होतात: चिठ्ठी पाहणें, कपडे घालणें, पंप तपासणें, औषध कालविणें, फवारणें आणि शेवटीं पंप व अंग धुणें. प्रत्येक टप्प्यांत एखाददुसरें मर्म असतें, व तें चुकलें कीं काम फसतें किंवा जीव धोक्यांत येतो. डब्यावरील त्रिकोणाचा रंग हें चिठ्ठीचें मर्म होय: लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, व हिरवा सर्वांत सौम्य. ज्यास वाचतां येत नाहीं त्यासहि हा रंग ओळखतां येतो. कालवितांना टाकी आधीं अर्धी पाण्यानें भरावी, औषध वेगळ्या भांड्यांत काठीनें कालवावें, हातानें कधींहि नव्हे. फवारतांना वारा समोरून तोंडावर येऊं देऊं नये. नोझल तुंबलें तर तें तोंडानें फुंकूं नये. जुना मऊ ब्रश व पाणी जवळ ठेवावें.

प्रत्येक मर्मासोबत त्याचें कारण सांगावें. "फुंकूं नको" एवढेंच सांगितलें तर तो मालकाचा हुकूम होतो व मालक पाठमोरा होतांच मोडतो. "नोझलांत राहिलेला थेंब सरळ ओठांवर येतो" हें कारण कळलें म्हणजे तें त्याचें स्वतःचें शहाणपण होतें. काम तीनदां करून दाखवावें: एकदां नुसते टप्पे सांगत, दुसऱ्यांदा मर्में सांगत, व तिसऱ्यांदा कारणें सांगत. सहाहि टप्पे एका दिवशीं डोक्यांत कोंबण्याचा हव्यास धरूं नये. एका बैठकीस दोन टप्पे पुरेत.

तिसरी पायरी करवून घेण्याची, व आमच्या मतें सर्व शिक्षणाचें सार येथेंच आहे. पंपांत साधें पाणी भरून गड्याच्या पाठीवर द्यावा. प्रथम त्यानें मुकाट्यानें करावें. नंतर करतां करतां आपण काय करतों व कां, हें त्यानेंच आपणांस सांगावें. येथवर आपण बोलत होतों, आतां त्यानें बोलावयाचें. "समजलें ना?" असें विचारूं नये. या प्रश्नाला मालकापुढें "हो" शिवाय दुसरें उत्तर कोणी देत नाहीं. "आतां टाकी रिकामी झाली तर पुढें काय करशील?" असें विचारावें, म्हणजे समजलें कीं नाहीं तें कळतें.

चौथी पायरी मागें राहून पाहण्याची. गड्यास स्वतंत्रपणें काम करूं द्यावें, अडलें तर कोणास विचारावें हें सांगून ठेवावें, आरंभीं वरचेवर फेरी मारावी आणि हळूहळू फेऱ्या कमी कराव्या.

साध्या पाण्याच्या सरावांत एक युक्ति फार उपयोगी पडते. पाण्यांत कपड्यांस घालावयाची नीळ कालवावी, आणि गड्याच्या पाठीवर व मांड्यांवर जुनें पांढरें फडकें बांधावें. दोन ओळी फवारून झाल्या कीं फडकें सोडून त्याच्याच हातांत द्यावें. टाकीचें झांकण गळत असेल तर पाठीवर निळा डाग दिसतो. वाऱ्याची दिशा चुकली असेल तर छातीवर शिंतोडे दिसतात. पुढें फवारून त्याच ओल्या झाडोऱ्यांतून चालत गेला असेल तर मांड्या निळ्या होतात. अमेरिकेंत याच हेतूनें एका विशेष प्रकाशांत चमकणारें रंगद्रव्य पाण्यांत घालून शेतमजुरांस त्यांच्या हातांवरचे व चेहऱ्यावरचे डाग अंधारांत दाखविण्याची रीत आहे. आपल्या निळीचें काम तेंच व खर्च नाममात्र. याचा मोठा गुण असा कीं, चूक मालक दाखवीत नाहीं, कामच दाखवितें. मालकाच्या बोलण्याचा राग येतो; डागाचा राग कोणास येणार?

मापाचेंहि असेंच शिकवावें. दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असा तुकडा आंखून गड्यास नेहमींच्या चालीनें तेवढ्यावर पाणी फवारूं द्यावें, व किती पाणी लागलें तें मोजावें. पांच लिटर लागलें तर हेक्टरी ५०० लिटर, म्हणजे एकरीं सुमारें २०० लिटर पाणी झालें. १६ लिटरच्या टाकीचे ते साडेबारा पंप होतात. एकरास २५० मिलिलिटर औषध सांगितलें असेल तर दर पंपास २० मिलिलिटर पडेल. आतां दुसरा गडी जरा सावकाश चालतो व त्याच तुकड्यास सात लिटर पाणी लावतो असें समजा. त्याचे एकरीं साडेसतरा पंप होतील, आणि त्यानेंहि दर पंपास २० मिलिलिटरच घातलें तर एकरास ३५० मिलिलिटर औषध जाईल. माप एकच, झांकण एकच, पण एकरीं १०० मिलिलिटर औषध जास्त! ही गोष्ट पाटीवर मांडून सांगितली तर डोक्यावरून जाते. दोन्ही गड्यांनीं स्वतः पाणी मोजलें कीं ती जन्मभर विसरत नाहीं.

आतां सर्वांत नाजूक प्रश्न: चूक कशी सांगावी? पुष्कळांची समजूत अशी कीं, चूक सांगितली म्हणजे माणूस सुधारतोच. ती खरी नाहीं. १९९६ सालीं क्लूगर व डेनिसी या दोन संशोधकांनीं अशा प्रयोगांचे सहाशेंवर निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरीनें पाहतां काम कसें झालें हें सांगितल्यानें तें सुधारलें. परंतु एकतृतीयांशाहून अधिक ठिकाणीं तें उलट बिघडलें. त्यांच्या विवेचनाचें तात्पर्य असें कीं, बोलणें कामावरून सरून माणसाच्या स्वतःवर गेलें म्हणजे त्याचा उपयोग कमी होतो. शिकणाऱ्याचें चित्त मग हातांतील नळीवर राहत नाहीं. आपली लाज कशी राखावी इकडे तें लागतें. "तुझें डोकें कोठें असतें?" या वाक्यांत फवारणीविषयीं एक अक्षरहि नाहीं. "काका, तुषार वरच्या पानांवरच राहिला, खालच्या अंगाला पोहोंचला नाहीं. नळी गुडघ्यापाशीं आणून नोझलाचें तोंड वर करा व या दोन ओळी पुन्हां घ्या." या वाक्यांत काय झालें, काय व्हावयास हवें होतें व आतां काय करावें, हीं तिन्ही आहेत.

या बाबतींत पाळावयाचे कांहीं नियम आम्ही येथें देतों. पहिला, जिवाला धोका असेल तेथें तत्काळ थांबवावें. हातमोज्यांशिवाय डबा उघडणाऱ्यास ओळ संपेपर्यंत वाट पाहून सांगावयाचें नसतें. दुसरा, धोका नसेल तर ओळ पुरी होऊं द्यावी. पावलागणिक टोकल्यानें गडी आपल्या डोळ्यांनीं पाहणें सोडून आपल्या तोंडाकडे पाहूं लागतो, आणि आपण घरीं गेलों कीं त्याचा आधार जातो. तिसरा, सांगण्याआधीं विचारावें: "ही ओळ कशी झाली असें वाटतें?" पुष्कळदां त्याची चूक त्यासच दिसलेली असते. चौथा, एका वेळीं एकच दुरुस्ती, व सर्वांत महत्त्वाची आधीं. पांचवा, वयानें मोठ्या गड्यास किंवा बायामाणसांस टोळीसमोर बोलूं नये. बाजूस घेऊन सांगावें. सहावा, चांगलें झालेलेंहि नेमकें सांगावें. "शाबास" म्हटल्यानें बरें वाटतें, पण "वारा फिरला तेव्हां तूं आपणहून बाजू बदललीस, तें बरोबर केलेंस" असें म्हटल्यानें कोणती गोष्ट पुन्हां करावयाची हें कळतें. सातवा, दुरुस्ती सांगितल्यावर लगेच तें काम पुन्हां करूं द्यावें. पुन्हां करण्याची संधि न देतां सांगितलेली चूक म्हणजे नुसता ठपका होय.

शिकवणीचे दिवस कसे पाडावे यालाहि शास्त्र आहे. आपल्याकडे एका दिवसाचें शिबिर भरवून सकाळपासून संध्याकाळपर्यंत सर्व कांहीं उरकण्याची पद्धति आहे. इंग्लंडांतील टपालखात्याच्या कामगारांस टंकयंत्र शिकवितांना बॅडली व लाँगमन या संशोधकांनीं चार तुकड्या केल्या होत्या. एका तुकडीस दिवसांतून एकच तास शिकविलें, तर दुसऱ्या एकीस दोन-दोन तासांच्या दोन बैठकी दिल्या. १९७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत असें दिसलें कीं, रोज एक तास शिकणाऱ्यांस तेंच कौशल्य येण्यास एकूण तास कमी लागले. मात्र दिवस अधिक लागले. आणि विशेष हें कीं, हीच तुकडी आपल्या शिकवणीवर सर्वांत कमी खूष होती! दिवसाकाठीं आपली प्रगति थोडी आहे असें त्यांस वाटे. यावरून दोन गोष्टी घ्याव्या. एक दिवसभर शिकविण्यापेक्षां तेच तास चार सकाळीं वांटून द्यावे. आणि शिकणारे खूष झाले म्हणजे शिकले, असा हिशेब धरूं नये.

मधल्या दिवसांचाहि उपयोग करून घ्यावा. दुसऱ्या बैठकीच्या आरंभीं कालचें पुन्हां सांगूं नये; तें शिकणाऱ्याकडून काढून घ्यावें. रोडिगर व कार्पिक यांनीं २००६ सालीं विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत, धडा पुनःपुन्हां वाचणाऱ्यांपेक्षां तो मनानें आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर अधिक लक्षांत राहिलेला आढळला. पांच मिनिटांनीं विचारलें असतां मात्र वाचणारेच पुढें होते. म्हणून "चक्कर आली, घाम सुटला, मळमळूं लागलें तर काय कराल?" हें दर बैठकीस विचारावें, आणि काम थांबवावें, कपडे काढावे, अंग साबणानें धुवावें, डब्याची चिठ्ठी बरोबर घेऊन दवाखाना गांठावा, हें उत्तर गड्याच्याच तोंडून यावें. प्रसंग आला म्हणजे कागद पाहण्यास वेळ नसतो.

शेतींत असें शिक्षण चालूं शकतें काय, अशी शंका कोणी घेईल. तिला उत्तर इंडोनेशियानें दिलें आहे. तेथें भातावर तपकिरी तुडतुड्यानें कहर केला होता, व बेसुमार फवारणीनें त्याचे नैसर्गिक शत्रु मरून तो अधिकच माजला होता. १९८६ सालीं तेथील सरकारनें भातावरील ५७ कीटकनाशकांस बंदी केली, आणि १९८९ पासून शेतकऱ्यांसाठीं बांधावरच्या शाळा सुरू झाल्या. सुमारें पंचवीस शेतकरी हंगामभर आठवड्यांतून एकदां शेतांत जमत. झाडें स्वतः तपासीत, किडी व मित्रकीटक मोजीत, दिसलें त्याचें चित्र काढीत आणि फवारावें कीं नाहीं हें आपसांत चर्चा करून ठरवीत. शिक्षक उत्तरें देण्याऐवजीं प्रश्न विचारी. आपल्या राज्याचा कृषि विभाग ज्या 'शेतीशाळा' चालवितो, त्यांचा उगम या चळवळींत आहे. काम, पाहणी व चर्चा हीं पिकाच्या वाढीबरोबर आठवड्याआठवड्यानें चालावीं, हें त्यांतील बीज आहे. त्याऐवजीं एका दिवसांत भाषण, चहा व हजेरीपत्रक एवढ्यावर शाळा उरकली तर नांव राहील, फळ राहणार नाहीं.

शिकवणीची परीक्षा हजेरीपत्रकावरून होत नाहीं. डोनल्ड कर्कपॅट्रिक यानें १९५९ सालीं चार प्रश्न घालून दिले: शिकणाऱ्यांस ती आवडली काय, ते शिकले काय, कामावर त्यांची वागणूक बदलली काय, आणि त्याचा परिणाम झाला काय? आपण बहुधा पहिल्याच प्रश्नापाशीं थांबतों. पंधरा दिवसांनीं, आधीं न कळवितां, शेतावर जाऊन पाहावें: नोझल तुंबलें तेव्हां गड्यानें काय केलें? जेवणाआधीं हात साबणानें धुतले काय? रिकामा डबा तीनदां धुवून, भोकें पाडून टाकला, कीं पाणी पिण्यास घरीं नेला? हीं उत्तरें एका लहान वहींत लिहून ठेवावीं. दहांपैकीं सातजण एकाच जागीं चुकत असतील तर ती चूक गड्यांची नव्हे. तो टप्पा शिकविण्याची आपली रीत बदलावयास हवी.

आतां दोन आक्षेपांचा विचार करूं. "आज शिकविला, उद्यां तो दुसऱ्याच्या शेतावर जाईल," असें पुष्कळ बागाईतदार म्हणतात. जाईल हें खरें. परंतु दुसऱ्याच्या शेतावर शिकलेला गडीहि आपल्याकडे येईल. म्हणून हें काम एकट्यादुकट्यानें करण्यापेक्षां गांवच्या संस्थेनें करणें इष्ट. प्रत्येक गांवांत दोन जाणते गडी निवडून त्यांस शिकविण्याची रीत शिकवावी, व त्या दिवसांची मजुरी संस्थेनें द्यावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, व तो गड्यांकडून येतो. "सांगतां सारें, पण हातमोजे कोठें आहेत?" हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. गळका पंप, फाटके मोजे व भर दुपारची वेळ देऊन "जपून फवार" असें सांगणें हें शिक्षण नव्हे. दोष उद्यां दुसऱ्यावर टाकण्याची ती आजची तरतूद आहे. उन्हाच्या वेळीं जाड कपडे अंगावर सहन होत नाहींत. म्हणून फवारणी सकाळीं लवकर किंवा ऊन उतरल्यावर ठेवणें मालकाच्या हातीं आहे. कित्येक ठिकाणीं फवारणीची मजुरी दर पंपामागें ठरते. अशा वेळीं जो थांबून नोझल धुतो, वारा फिरला म्हणून बाजू बदलतो, त्याचे पंप कमी होतात व पैसे कमी मिळतात. आपण तोंडानें सावकाशी शिकवितों आणि मजुरीनें घाई शिकवितों! दोहोंत मजुरीचाच धडा पक्का होतो, हें सांगावयास नको. ज्यांस शक्य आहे त्यांनीं फवारणीपुरती तरी रोजाची मजुरी ठरवावी.

आमच्या सभासदांस शेवटीं एवढीच विनंती आहे कीं, येत्या हंगामाच्या पहिल्या फवारणीपूर्वीं चार सकाळी राखून ठेवाव्या. कामाचे टप्पे व मर्में एका कागदावर लिहून काढावीं, साधें पाणी, नीळ व पांढरें फडकें घेऊन सराव करवावा, आणि पंधरा दिवसांनीं शेतावर जाऊन वहींत नोंद करावी. कोणता टप्पा शिकविण्यास अवघड गेला व कोणत्या युक्तीनें तो जमला, हें ज्यांनीं आम्हांस कळविलें त्यांचे अनुभव या मासिकांत आनंदानें छापूं. खत, बियाणें व पाणी यांचा हिशेब आपण चोख ठेवतों. ज्याच्या हातून हें सर्व शेतांत पडतें त्या हाताच्या शिक्षणाचाहि हिशेब आतां ठेवावयास हवा. कारण बियाणें वायां गेलें तर पुढल्या वर्षीं पुन्हां आणतां येतें, संध्याकाळीं घरीं न परतलेला माणूस कोठूनहि आणतां येत नाहीं.